उर्दूतलं सौभद्र

पहिला दिवस : नांदेड ते लातूर

सकाळी साडेसातला निघायचं ठरलं होतं, निघालो नऊला. दादाच्या कानातल्या यंत्राचे सेल सापडेनात. वहिनीनं ते देवघरात, कापराच्या डबीत ठेवले होते, हरवू नयेत म्हणून.

गाडी भाच्याची. मागं मी आणि दादा, मध्ये तीन पिशव्या. एकीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दुसरीत आम्हा दोघांची औषधं, आणि तिसरीत जुन्या पंच्यात गुंडाळलेला आईचा लग्नातला शालू. त्याच्याच घडीत नानांची वही. ही तिसरी पिशवी खाली ठेवायची नाही, असा दादाचा हुकूम होता, म्हणून ती सगळ्या प्रवासात आळीपाळीनं आमच्या मांडीवर राहिली.

झालं होतं असं. दादाची नात छत्रपती संभाजीनगरला शिकते. तिच्या हौशी मंडळींनी यंदा डिसेंबरात किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' हे नाटक बसवलं आणि तिला कृष्णाचं काम मिळालं. रुक्मिणीला नेसवायला जुना, खऱ्या जरीचा शालू पाहिजे होता. तिनं फोन केला, "आबा, पणजीचा शालू घेऊनच या." नांदेडहून रेल्वेनं गेलो असतो तर दुपारपर्यंत पोचलो असतो. पण दादा अठ्ठ्याहत्तरचा, मी बहात्तरची. तो म्हणाला, "जायचंच आहे तर जिथं जिथं पदं ऐकली तिथून जाऊ. पुन्हा कोण नेणार आहे?" भाच्यानं रजा टाकली.

शालूबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बैठकीत नाना-आईचा एकच जुना फोटो आहे, स्टुडिओतला. आई हाच शालू नेसून खुर्चीत बसलेली, नाना बाजूला उभे, आणि नानांना मिशी नाही. जन्मभर झुबकेदार मिशी ठेवलेला माणूस एवढ्या एका फोटोत बोडका दिसतो. आई सांगायची, "मामंजी गेले होते ना तेव्हा." आणि शालूला डाव्या खांद्यापाशी तळहाताएवढा पिवळट डाग आहे. त्याबद्दल विचारलं की म्हणायची, "कशाचा लागला कोण जाणे."

लोहा, अहमदपूर मागं पडलं. सोयाबीन कधीच निघालेलं, शेतात हरभरा आणि ज्वारी. दादानं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. गाडीच्या आवाजात ते नुसतं घोंघावतं म्हणे.

लातूरला मी १९७५ साली आले, जवळच्या एका खेड्यात शाळेवर पहिली नेमणूक झाली तेव्हा. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडलं. पगार झाला की शनिवारी लातूरला यायचं, आणि नाटक असलं तर मैत्रिणीकडं मुक्काम टाकायचा. नाटक म्हणजे नाट्यगृह हे समीकरण आमच्या डोक्यात नव्हतंच. जिनिंगच्या आवारात कापसाचा हंगाम संपला की बांबू उभे राहायचे, भोवती पत्रे, वर ताडपत्री. पुढं सतरंजी, मागं लाकडी खुर्च्या, एका अंगाला दोरी बांधून बायकांची जागा. सरकीचा वास सगळीकडं. दोरीपलीकडून कोणीतरी ओळखीचं निघायचंच आणि "एकट्याच आलाव का, मॅडम?" असं विचारायचंच.

आमच्याकडचे लोक नाटक बघायला जात नसत, ऐकायला जात. तिसरी घंटा झाली की आवारात शांतता पसरायची, आणि पडद्यामागून आधी ऑर्गनचा श्वास ऐकू यायचा. सूर नव्हे, श्वास. भाता भरताना चामड्याची एक फुसफुस होते, ती. मग नांदी. पडदा अजून खालीच, आणि आतून ते 'पंचतुंड' सुरू झालं की अंगावर शहारा यायचा. ते मुळात 'शाकुंतला'तलं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं, ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात पहिल्यांदा झालेलं. आमच्याकडं मात्र नाटक कोणतंही असो, नांदी हीच पाहिजे असा प्रेक्षकांचा हट्ट असे.

एका रात्रीचं सांगते. कोणत्याशा कंपनीचं सौभद्रच होतं. सुभद्रा 'वद जाऊ कुणाला' म्हणत होती, 'शरण'वर येऊन ठेपली, आणि बार्शी लाईटच्या छोट्या गाडीनं शिट्टी दिली. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी, पण शिट्टी अशी की सगळं लातूर जागं व्हावं. बाई थांबल्या नाहीत. शिट्टी सरेपर्यंत त्यांनी सूर तसाच धरून ठेवला, आणि शिट्टी विरल्यावर त्यांचा आवाज जिथं होता तिथंच सापडला. सतरंजीवरून वन्स मोरचा असा काही गलका उठला की बस. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी त्या जागी मुद्दाम थांबून हसून स्टेशनाकडं बघितलं.

ही गोष्ट दादाला मी पन्नास वेळा सांगितली असेल. दर वेळी त्याचा प्रश्न एकच, "शिट्टी कोणत्या सुरात होती?" मला काय माहीत.

ते आवार आता नाही. भाच्यानं गाडी हळू केली. मोबाइलची दुकानं, वर कोचिंग क्लासच्या पाट्या, खाली पोरांच्या सायकलींची रांग. चहावाल्याला विचारलं, इथं जिनिंग होती ना? म्हणाला, "असंल मावशी. मी तर भूकंपानंतरचा हाव." म्हणजे १९९३ नंतरचा. लातूरकडं काळ मोजायची तीच रीत आहे.

दुसरा दिवस : अंबाजोगाई

लातूरहून अंबाजोगाई म्हणजे तासा-सव्वा तासाचा रस्ता. न्याहरीला सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून केलेला हा पदार्थ पुण्याकडच्या माणसाला सांगितला की तो आधी नावालाच हसतो.

आधी योगेश्वरीचं दर्शन. मग मुकुंदराजांच्या समाधीकडं जायचं होतं, पण तिथला उतार बघून दादाच्या गुडघ्यांनी नकार दिला. गाडीत बसूनच त्यानं आपेगावच्या दिशेला हात जोडले. शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज त्यानं पुढं बसून ऐकलाय, आणि त्या बाबतीत तो देवळापेक्षा तिकडंच जास्त वाकतो.

अंबाजोगाई आमच्या नानांचं गाव. त्यांच्या लहानपणी त्याचं नाव मोमिनाबाद. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, तोवर इथं कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत. वरच्या वर्गांचं शिक्षणही उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. नाना घरात मराठी बोलायचे, मराठी वाचायचे, पण लिहायला बसले की हात उजवीकडून डावीकडं चालायचा. किराण्याची यादी उर्दूत, सही उर्दूत. आम्हा भावंडांना त्यातलं अक्षर येत नाही. त्यामुळं नाना गेल्यावर ट्रंकेत सापडलेली ती लाल पुठ्ठ्याची वही आम्ही हिशेबाची समजून तीस वर्षं तशीच ठेवली. पोथीसारखी, न वाचता.

या खेपेला ती कोणाकडून तरी वाचून घ्यायची हे माझ्या मनात होतं. मंडीच्या बाजूला एका बुकबाइंडरकडं चौकशी केली. त्यानं पोराला पाठवून एका वयस्क गृहस्थांना बोलावलं. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, पांढरी दाढी, स्वेटरवर कोट. खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, वही उघडली आणि पहिल्या ओळीवरच अडकले.

"ये उर्दू नहीं है," म्हणाले. मग ओठ हलवत पुन्हा वाचलं. "परिये पहा... परिये पहा, रातरीचा..."

दादानं यंत्र कानात घातलेलं होतं. तो एकदम ताठ झाला. "प्रिये पहा!" आणि बसल्या जागी म्हणायलाच लागला, 'रात्रीचा समय सरुनि'. मास्तर वहीवर बोट ठेवून त्याच्या मागोमाग जात होते. शब्द जुळत गेले तशी त्यांची मान डोलायला लागली. बुकबाइंडरनं डिंकाचा ब्रश खाली ठेवला.

वहीत सौभद्रातली पदं होती, उर्दू लिपीत लिहिलेली मराठी. मास्तरांनी समजावून सांगितलं की त्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, शब्द माहीत असेल तरच नीट वाचता येतो. शिवाय 'ण'ला अक्षर नाही, 'ळ'ला नाही. नानांनी 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' लिहून काम भागवलं होतं. मास्तर वाचत होते, "वद जाऊ कुनाला शरन." मला हसू फुटलं. आमची आजी अशीच बोलायची, "पानी आन." किर्लोस्करांचं पद नानांच्या लिपीतून फिरून बरोबर आमच्या चुलीपाशी येऊन बसलं होतं.

पदांच्या कडेला बारीक टिपणं. 'नच सुंदरी' पाशी उर्दू आकड्यात तीन आणि पुढं 'वन्स मोर'. एका ठिकाणी फक्त 'बारिश'. मास्तरांना त्यात भलतीच मजा वाटायला लागली. म्हणाले, "मराठी मला येते हो, चाळीस वर्षं शिक्षकांच्या मीटिंगा मराठीतच केल्या. पण आपली भाषा आपल्याच हरफात बसलेली आज पाहिली." यातली 'आपली' कोणती आणि 'आपल्याच' कोणतं, ते मी विचारलं नाही.

मागच्या दोन पानांवर मात्र खरोखरच हिशेब निघाला. वर साल, १३५५ फसली. मास्तर म्हणाले, फसलीत ५९० मिळवा. म्हणजे १९४५-४६. रकमा हाली रुपयांत, निजामाच्या नाण्यात. मी तिथल्या तिथं उतरवून घेतलं :

गॅसबत्त्या चार, भाडं. रॉकेल. सतरंज्या, मंदिराच्या, फुकट. परवानगीच्या अर्जाला लावलेलं तिकीट. पेटीवाल्याला जेवण आणि टांगा. सफेदा, पिवडी, काजळ. शेंदूर, बलरामासाठी. हज्जाम, मिशी, दोन आणे. आणि शेवटी, शालू, सुभद्रेला, घरचा.

'मिशी, दोन आणे' वाचून मास्तर खो-खो हसले. सुभद्रेचं काम करणारा कोणी तरणाबांड असणार, बिचाऱ्याची मिशी नाटकापायी गेली. आम्हीही हसलो. मग 'शालू, घरचा' वर दोघंही गप्प झालो. दादानं पिशवीवर हात ठेवला.

म्हणजे डाग रंगाचा. गॅसबत्तीच्या उजेडात चेहरा उठून दिसावा म्हणून सफेद्यात पिवडी कालवून थापत, ती घामानं ओघळून गळ्यावरून खांद्यावर. आईचं नवं लग्न, नवा शालू, आणि तो नानांनी गणपतीतल्या कुठल्याशा सुभद्रेला देऊन टाकला. 'कशाचा लागला कोण जाणे' म्हणे!

मास्तरांनी पैसे घेतले नाहीत. दोन पदं पुन्हा म्हणायला लावली फक्त, आणि दादानं ती म्हटली. वर चहाही त्यांचाच.

तिसरा दिवस : परळी, गंगाखेड, परभणी

परळीला वैजनाथाच्या रांगेत दीड तास गेला. त्यावर जास्त लिहीत नाही. गंगाखेडला जनाबाईच्या नावानं नमस्कार केला, गोदावरीत पाणी बऱ्यापैकी होतं.

परभणी दादाचं. कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं आणि पुढं तो तिथं नोकरीला लागला. दिवसा फायली, रात्री तालमी. हौशी मंडळाचा ऑर्गन तोच वाजवायचा. ऑर्गनबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की तो मोठ्या पेटीसारखा असतो. पेटीला एक हात भात्यावर गुंततो. ऑर्गनला दोन्ही हात मोकळे, भाता पायांनी मारायचा, एक पाय खाली तर दुसरा वर, आणि तोही तालात मारायचा नाही. तालात मारला तर सुरात हेलकावे येतात. म्हणजे हात गायकाबरोबर, कान तबल्याबरोबर, आणि पाय कोणाबरोबरच नाहीत. दादा म्हणायचा, "संसारात पण असंच पाहिजे." वहिनीला हे वाक्य कधीच आवडलं नाही.

त्याचं दैवत गंधर्व नाटक मंडळी. १९१३ साली निघालेली. बालगंधर्वांच्या मागं तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष, हे तो असं सांगतो की जणू तिघं शेजारी राहत होते. आमच्या घरी त्यावरून वाद व्हायचे. मला बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकायला आवडतात, पण नाटक म्हणून मी जे भोगलं ते जितेंद्र अभिषेकींच्या चालींचं. १९६४ चं 'मत्स्यगंधा', १९६६ चं 'ययाति आणि देवयानी'. पद थोडक्यात आटोपतं, नाटक अडवून धरत नाही. दादाच्या मते तिथूनच घसरण सुरू झाली. पद थोडक्यात आटोपायला ती काय दवाखान्यातली रांग आहे?

मंडळाचा तो ऑर्गन अजून आहे असं कळलं होतं. एका जुन्या सभासदाच्या गोदामात, खताच्या रिकाम्या पोत्यांमागं. पोती बाजूला केली. वरचं लाकूड शाबूत, डावीकडच्या पाच-सहा पट्ट्यांचं पांढरं निघालेलं. दादा खोक्यावर बसला आणि पाय खाली नेले. डावा पाय दाबला तर काहीच नाही, उजवा दाबला तर भात्यातून भुस्कन धूळ आणि उंदरानं कुरतडलेल्या कागदाचा चुरा बाहेर आला. तो तरी मारतच राहिला. दहा-बारा वेळा मारल्यावर आतून एक सूर निघाला. एकही पट्टी न दाबता, आपला आपण. पट्टीखालची कुठली तरी झडप उघडी अडकली असणार. बारीक, थरथरता, दोन-तीन सेकंद.

"निघाला की!" भाचा म्हणाला.

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याला ऐकू आला नव्हता. वरचे सूर त्या यंत्रातून त्याला येत नाहीत. "कोणता?" त्यानं विचारलं.

मी गुणगुणून दाखवला. त्यानं मान वाकवून माझ्या तोंडाजवळ कान आणला, मग समोरच्या एका काळ्या पट्टीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "हा," म्हणाला, आणि उठला.

चौथा दिवस : परभणी, जिंतूर, जालना, संभाजीनगर

आज टायर पंक्चर झाला, मंठ्याच्या अलीकडं. स्टेपनीतही हवा नव्हती. भाचा एका मोटारसायकलीच्या मागं बसून चाक घेऊन गेला आणि आम्ही दोघं बांधावर.

शेतमालकानं हाक मारली, हुरडा भाजायला घेतलाच होता. गोवऱ्यांच्या आरात कणसं, तळहातावर चोळून फुंकर मारून दिलेले हिरवे दाणे, बरोबर लसणाची चटणी. दादा लहान पोरासारखा खात होता. म्हणाला, "आजोबा असेच चोळून द्यायचे. मांडीवर बसवून. एक मूठ मला, एक त्यांना. मी पहिलीत जाईपर्यंत होते ते." मला आजोबा आठवायचं कारण नाही, मी त्यांच्या शेवटच्या वर्षात जन्मले.

बांधावरून रेल्वे दिसत नव्हती, पण बोलणं तिच्यावरच गेलं. मनमाडहून जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला जाणारी ही निजामाची मीटर गेज लाईन १९०० साली सुरू झाली. ट्रंका, पडदे, रंगाचे डबे घेऊन हिंडणाऱ्या मंडळींना तिचाच आधार. दादानं परभणी स्टेशनावर उतरवून घेतलेल्या पडद्यांपैकी एकावर राजवाडा आणि दुसऱ्यावर अरण्य होतं, आणि बांबूला गुंडाळताना ते उलटे गेल्यामुळं त्या रात्री दुर्वासमुनी राजवाड्यात शाप देऊन गेले. कोणाला काही वाटलं नाही. पद चांगलं झालं होतं.

चाक यायला तीन तास लागले. त्यामुळं फुलंब्रीला जायचं राहिलं. मास्टर कृष्णराव जन्मले आळंदीला, पण आडनावात आमच्याकडचं गाव घेऊन मिरवले, म्हणून दादाला एकदा तिथं जाऊन यायचं होतं. १९४२ च्या 'कुलवधू'तल्या त्यांच्या चाली आईला पाठ होत्या, स्वयंपाक करताना म्हणायची. सौभद्रातलं मात्र ती कधी काही म्हणाल्याचं आठवत नाही.

पाचवा दिवस : छत्रपती संभाजीनगर

प्रयोग संध्याकाळी सातला. सकाळी दादाला खोलीवर झोपू दिलं आणि मी भाच्याला घेऊन विद्यापीठामागच्या लेण्यांत गेले. डी. एड.ला असताना आम्ही मुली इथं सायकलींवर यायचो. सातव्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तकी आहे, दोन्ही बाजूंना साथीदार, सगळ्या बायका. बासरी बाईच वाजवते, ढोल बाईच. कमरेत लचकून उभी असलेली ती मधली, आणि बाकीच्यांचं लक्ष तिच्या पायांकडं. चौदाशे वर्षांपूर्वी इथं सगळा ताफा बायकांचा कोरला, आणि १८८२ च्या पहिल्या सौभद्रात सुभद्रा झाले भाऊराव कोल्हटकर. मधे काय काय झालं असेल त्याचा विचार करत मी पायऱ्या उतरले. एका पायरीवर चप्पल सटकली, पण पडले नाही.

याच शहरात 'कट्यार काळजात घुसली' बघितलं. वसतिगृहाच्या बाईंनी रात्री बाहेर राहायची चिठ्ठी दिली, आम्ही सहाजणी होतो. नाटक १९६७ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलेलं, आमच्यापर्यंत पोचायला काही वर्षं गेली. वसंतराव देशपांडे खाँसाहेब. त्यांच्या गाण्यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. 'घेई छंद' नाटकात दोनदा येतं, एकदा पंडितजींच्या घराण्याच्या ढंगानं, एकदा खाँसाहेबांच्या. शब्द तेच, माणूस बदलला की पद बदलतं. माझ्या शेजारच्या मैत्रिणीला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण दुसऱ्या खेपेला तिनं माझा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशी चार बोटांचे वळ होते. आम्ही पहाटे चालत वसतिगृहावर आलो, आणि कोणीच काही बोललं नाही. सहा मुली आणि कोणी बोलत नाही, हे बाईंनाही संशयास्पद वाटलं.

दुपारी चारला शालू घेऊन हॉलवर. नात मिठाच्या गुळण्या करत होती, तोंडात लवंग. पोशाखाचं बघणाऱ्या मुलीनं शालू हातावर घेतला, घडी उलगडली आणि तिचा चेहरा पडला. "आजी, मधल्या घडीवर विरलाय हो. बोट लावलं तरी जातोय. नेसवताना फाटला तर?" तिचं बरोबरच होतं. रुक्मिणीला शिवलेली नऊवारी आणली होती, मागं चेन असलेली. अडीच मिनिटांत नेसून होते. शालू पुन्हा पंच्यात, पंचा पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर.

आता प्रयोगाचं. शंभराच्या आसपास पदं असलेलं नाटक अडीच तासांत बसवायचं म्हणजे कात्री आली. नांदी रेकॉर्ड केलेली, सूत्रधार-नटी गायब. दादा तिथंच भडकला. "सूत्रधार नाही तर नाटक सुरू कोणी केलं?" हे तो जरा मोठ्यानं बोलला, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, आणि पुढच्या दोन रांगा हसल्या. ऑर्गनच्या जागी कीबोर्ड, त्यात ऑर्गनचा आवाज. आवाज बरोबर होता, श्वास नव्हता. तबला मात्र खरा, आणि पोरगा तयारीचा. माझं मत विचाराल तर कात्री बरी लागली होती. नारदाची काही पदं मला पूर्वीही लांबच वाटायची, फक्त तेव्हा बोलायची सोय नव्हती.

एक गोष्ट या खेपेला नव्यानं जाणवली. सौभद्र हे पुराणातलं नाटक नाहीच. बहिणीला एक पाहिजे, थोरल्या भावानं दुसरा ठरवलाय, धाकटा भाऊ गोड बोलून सगळ्यांना फिरवतोय. आमच्या गावाकडं दर उन्हाळ्यात हेच चालतं.

नातीचा प्रवेश झाला. मोरपीस जरा वाकडं बसलं होतं. रुक्मिणीजवळ बसून तिनं 'प्रिये पहा' सुरू केलं, आणि दुसऱ्याच ओळीला दादाचं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. बारीक, लांबलचक, थांबेना. आजूबाजूची माणसं मोबाइल तपासायला लागली. दादाला स्वतःला ती ऐकू येत नव्हती. मी खूण केली. त्यानं यंत्र काढून खिशात टाकलं आणि पुढं झुकला. आता त्याला काहीच ऐकू येत नसणार. तो तिच्या गळ्याकडं बघत होता, श्वास कुठं घेते तिकडं. उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरून होती, आणि खाली दोन्ही पाय आळीपाळीनं, तालात न जाता, वरखाली होत होते.

नात थांबली नव्हती. शिट्टी तिनं ऐकली असणार, कारण समेवर आल्यावर तिनं आमच्या रांगेकडं बघितलं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसली. वन्स मोर कोणी ओरडलं नाही, हल्ली टाळ्या वाजवतात. टाळ्या भरपूर पडल्या.

भेटायला आत गेलो. ती पाया पडली आणि दादाला हातवारे करून विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "दुसऱ्या कडव्याआधी श्वास चोरलास." तिचा चेहरा एवढासा झाला. मग तिला आठवलं की त्याच्या कानात काही नव्हतं, आणि ती हसत सुटली.

खोलीवर यायला साडेअकरा वाजले. शालू तसाच घेऊन जायचा तर निदान हवा लागू द्यावी म्हणून पलंगावर पसरला. भाच्यानं मोबाइलची बॅटरी लावली. डाग जवळून बघितला तेव्हा कळलं, तो एकच नाही. खांद्यावर मोठा, तिथून पदराकडं तीन ओघळ, आणि काठाशी बोटांचे ठसे, पदर सावरताना उमटलेले. नखानं किंचित खरवडलं तर पिवळं पीठ आलं.

"पिवडी," दादा म्हणाला.

ठसे मोठे होते. माझा हात शेजारी ठेवून बघितला, माझी बोटं लहान पडली. भाच्याला ठेवायला लावलं, त्याचीही जेमतेम.

"मामा," भाचा म्हणाला, "नानांची उंची किती होती?"

दादानं ऐकलं नाही. मी बैठकीतला फोटो आठवत होते. आई खुर्चीत, नाना उभे, वरचा ओठ उघडा. मागं शाईनं आकडे लिहिलेत, उर्दूत, कधी वाचून घेतलेच नाहीत. पण दादा त्यात नाही, आईच्या मांडीवर कोणीच नाही, म्हणजे तो १९४७ च्या आधीचा.

मी दादाचा खांदा हलवला. "दादा, त्या फोटोत नानांना मिशी का नाही?"

"आजोबा गेले होते म्हणून. आई सांगायची ना."

"मग तुला मांडीवर बसवून हुरडा कोणी चारला?"

तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. मग खिसे चाचपले, यंत्र काढलं, सदऱ्याच्या टोकाला पुसून कानात बसवलं.

"परत म्हण," म्हणाला.